पुरणातला लाल केस

यमुताईंना जगात दोन गोष्टींची किळस होती, एक पालीची आणि दुसरी गळलेल्या केसाची. पाल निदान आपल्या पायांनी निघून जाते, केस मेला चिकटून बसतो, असं त्यांचं म्हणणं. डोक्यावर असेपर्यंत तो केस. एकदा का सुटला की ती घाण, मग डोकं कोणाचं का असेना. मनीषनगरातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये विंचरायचं ते मागच्या गॅलरीतच, असा कायदा होता. मुलगा अर्णव सुटीत घरी आला की त्यालाही भांग पाडायला तिथेच उभं राहावं लागे. विंचरून झालं की फणीतलं गुंतवळ बोटाभोवती गुंडाळायचं, त्यावर थू थू करायचं, कागदात बांधायचं आणि कचऱ्याच्या गाडीत आपल्या हाताने टाकायचं. थुंकलं नाही तर त्या केसांवर कोणी करणी करतं, असं त्यांच्या आईने शिकवलं होतं. यमुताईंचा करणीवर फारसा विश्वास नव्हता, पण थुंकण्यावर होता.

अशा बाईच्या हाताला माळ्यावरचा जुना मिसळणाचा डबा लागला. पोळा होऊन गेला होता, महालक्ष्म्या आठवड्यावर आल्या होत्या आणि त्या घासायची भांडी काढत होत्या. झाकण उघडलं आणि त्या जागच्या जागी थिजल्या. जिथे वर्षानुवर्षं मोहरी, हळद, जिरं राहिलं, त्या वाट्यांमध्ये केस होते. एकीत लालसर, एकीत करडे, एकीत पिंगट, एकीत काळेभोर. पोह्यांवर पेरायला कोथिंबीर चिरावी तसे बारीक चिरलेले, माणसाचे केस. वर मिठाचा चमचाही तसाच होता. यमुताईंच्या तोंडात कडवट पाणी सुटलं. त्यांनी पदर तोंडावर दाबला.

"अहो!" त्या पदरातूनच ओरडल्या. "हे काय आहे?"

अनंतराव जेवणाच्या टेबलावर काम करत होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते अर्धं टेबल त्यांनी बळकावलं होतं आणि तिथे लाकडी जहाजं जोडण्याचा उद्योग मांडला होता. नागपूरहून कुठल्याही दिशेने निघालं तरी समुद्र शेकडो कोस दूर, पण या माणसाला जहाजांचं वेड. तेही ठीक होतं. जहाज म्हणजे काड्या, दोरा, गोंद. यमुताईंनी ते सोसलं असतं. पण मग जहाजं मागे पडली आणि माणसं सुरू झाली. "जहाजं बनवणारे पुष्कळ आहेत, यमू," ते सांगायचे, "पण सगळी रिकामी. त्यावर माणूस नाही. माझी माणसं लोक कुठून कुठून मागवून राहिले." आणि ही माणसं तरी कोण, तर व्हायकिंग. हजार वर्षांपूर्वी बर्फाच्या मुलखातून निघून दुसऱ्यांची गावं लुटत फिरणारे दर्यावर्दी. तारेच्या सांगाड्यावर पुट्टी चढवून अनंतराव बोटाच्या दोन पेरांएवढा माणूस घडवायचे, भट्टीत भाजायचे, रंगवायचे. भट्टी म्हणजे यमुताईंची नानकटाईची भट्टी. त्यात लुटारू भाजले गेल्यापासून घरात नानकटाई झालेली नव्हती.

बरं, माणसं घडवायची तर स्वच्छ घडवावी. तेही नाही. अनंतराव त्यांना आधी नीट रंगवायचे आणि मग पातळ तपकिरी पाण्याने मळवायचे. नखांत मळ, मानेवर घामाचे ओघळ, दातांवर काळं, कोणाच्या बाहीला वाळलेलं रक्त. यमुताई सकाळपासून फरशी, ओटा, नळ घासायच्या आणि हा नवरा दिवसभर डोळ्याला भिंग लावून मळ काढायचा, म्हणजे चितारायचा. "या मेल्यांना एकदा न्हाऊ घाला," त्या म्हणायच्या. "व्हायकिंग न्हायचे, दर आठवड्याला," अनंतराव गंभीरपणे सांगायचे. "मग हे काहून नाही न्हाले?" यावर अनंतराव भिंग पुसायला घ्यायचे.

आता अनंतरावांनी भिंग काढलं, डब्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "दाढ्या आहेत त्या," ते म्हणाले.

"कोणाच्या दाढ्या?"

"यांच्या." त्यांनी टेबलावरच्या वल्हेकऱ्यांकडे बोट दाखवलं. "कापसाच्या लावल्या तर सगळे देखाव्यातले ऋषी दिसत होते. तागाच्या लावल्या तर नारळ. केसाला केसच लागतो, यमू. बघ ना, कशा जिवंत झाल्या."

यमुताईंनी बघितलं नाही. "केस कोणाचे?"

"ती केसवाली येते ना गल्लीत, फुगे देऊन गुंतवळ घेणारी. तिच्याकडून निवडून घेतले."

परक्या बायकांचं गुंतवळ! कोण कुठल्या बायका, कोणाचं काय अंग, कोणाच्या उवा, आणि ते त्यांच्या मिसळणाच्या डब्यात! यमुताईंना स्वतःचे हात कोपरापर्यंत कापून टाकावेसे वाटले.

"धुतलेत मी," अनंतराव घाईने म्हणाले. "शांपूनं. दोनदा."

"कशात धुतलेत?"

अनंतरावांनी नजर जहाजाकडे वळवली.

"मी विचारून राहिली, कशात?"

"वरणाच्या पातेल्यात. पण नंतर मी ते घासलं."

यमुताई बेसिनकडे धावल्या. पोटात नव्हतं तेही पडलं. चूळ भरून, तोंड पुसून त्या परत आल्या तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, आणि ते फक्त ओकारीचं नव्हतं. एवढा किळसवाणा प्रकार करायचाच होता तर परक्यांच्या दारी कशाला जायचं, हा विचार त्यांच्या मनात कुठून आला कोण जाणे, पण आला आणि तोंडातून निघूनही गेला. "आणि घरचे होते ते नाही चालले?"

अनंतरावांनी खरं तेच सांगितलं, हीच त्यांची खोड. "बघितले होते मी तुझे, गॅलरीत. पण तुझे बारीक आहेत. तुटतात. आणि रंगही ना धड काळा, ना धड पांढरा."

यमुताईंनी डबा उचलला, वाट्यांसकट, कात्रीसकट, कचऱ्यात फेकायला. अनंतरावांनी हात जोडले. शेवटी असं ठरलं की वरणाचं पातेलं मोलकरणीला द्यायचं, डबा, केस, व्हायकिंग आणि त्यांचं जहाज सगळं मागच्या गॅलरीत प्लास्टिकच्या झाकणाखाली जाईल आणि महालक्ष्म्या उठेपर्यंत झाकण उघडायचं नाही. "फक्त कप्तान राहिलाय," अनंतराव पुटपुटले. "त्याला वेणी घातलेली दाढी पाहिजे. लांब लाल केस. तसा मिळालाच नाही, सगळे तुकडे." त्यांनी उघड्या हनुवटीचा कप्तान उचलून झाकणाखाली ठेवला. यमुताईंनी ते ऐकूनही ऐकलं नाही.

कारण त्यांचं लक्ष महालक्ष्म्यांत होतं. भोसल्यांच्या काळात नागपुरात आलेल्या या घराण्याच्या महालक्ष्म्या पिढ्यान्‌पिढ्या थोरल्या सुनेकडे बसायच्या. थोरली सून म्हणजे कन्हानच्या देवकीवहिनी. लग्न झाल्यापासून यमुताई दरवर्षी कन्हानला जायच्या, सोळा भाज्या चिरायच्या, नारळ खवायच्या, भांडी आवरायच्या. मुखवट्यांना हात कधी लावायला मिळाला नव्हता, पुरणाला तर नाहीच. पण यंदा देवकीवहिनींचे गुडघे गेले होते आणि थोरले दीर दत्तोपंत अंथरुणाला खिळले होते, तेव्हा वहिनींनीच फोन केला. "यमू, यंदा तुह्याकडे बसव. मी येतो तीन दिवस, पाहतो. नीट झालं तं मुखवटे तुह्याकडेच राहू देईन. नाहीतर कळमेश्वरच्या श्वेताले देतो." कन्हानला उभा जन्म काढल्यामुळे वहिनींच्या बोलण्यात तुह्या-माह्या चांगलंच मुरलं होतं. आणि श्वेता म्हणजे चुलत जाऊ, जिच्या घरी कणीक मळताना मांजर ओट्यावर बसलेलं यमुताईंनी स्वतः पाहिलं होतं. त्या मांजराच्या घरी मुखवटे जाणार असतील तर आपण जन्मभर घासलं ते कशासाठी, असं यमुताईंना झालं.

आवाहनाच्या दिवशी सकाळी देवकीवहिनी टॅक्सीने आल्या. सोबत लाकडी पेटी. आल्या आल्या त्यांनी सगळं घर नजरेखालून घातलं. नळामागे बोट फिरवून पाहिलं, शेगडी उचलून खाली पाहिलं. बोटाला काही लागलं नाही, आणि यमुताईंना न्हाल्यासारखं वाटलं. मग वहिनींनी स्वयंपाकघराच्या दारातच खुर्ची टाकली, पेटी उघडली आणि देवींचं सामान काढायला बसल्या. पितळी मुखवटे, नथी, कोल्हापुरी साज, बाजूबंद, आणि देवींना लावायची केसांची गंगावनं. ज्येष्ठेचं गंगावन पिढीजात होतं, सासूबाईंच्याही आधीचं. ते मांडीवर घेऊन वहिनी तेलाचं बोट लावून हळूहळू विंचरत राहिल्या आणि तिथूनच सूचना देत राहिल्या. "कणीक दोनदा चाळ. सोजी बारीक घे. डोक्याले बांधलं का?" यमुताईंनी डोक्याला पांढरं फडकं बांधलं होतं, कपाळापासून मानेपर्यंत, एक बट बाहेर नाही. गंगावन विंचरून झालं तेव्हा त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि ज्येष्ठेच्या पाठीवर सोडलं. इतक्या वर्षांनी प्रथमच त्यांचा हात देवीला लागला होता. त्यांचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी महानैवेद्य. सोळा भाज्या, कढी, आंबील, फुलोरा, आणि पुरणपोळ्यांची चळत. पुरण यमुताईंनी स्वतः वाटलं, स्वतः भरलं. दुपारी पंगत बसली. शेजारच्या सवाष्णी ओळीने, आणि मानाच्या पाटावर, देवींच्या अगदी समोर, देवकीवहिनी. अनंतराव पाणी वाढत होते. यमुताईंनी वहिनींच्या पानात पोळी वाढली, वर तुपाची धार धरली. वहिनींनी पोळीचा तुकडा मोडला. तुकडा पोळीपासून सुटेना. त्यांनी ओढला, तसं त्याच्यामागून काहीतरी ओढत आलं. आलं, आणि येतच राहिलं.

केस होता. वीतभर लांब, तुपात माखलेला, लाल.

पंगतीतला एकेक हात पानावरच थांबला. कोणीतरी घास गिळला त्याचा आवाज ऐकू आला. वहिनींनी तो केस दोन बोटांत उंच धरला. त्याला चिकटलेला पुरणाचा कण हळूच घसरून पानात पडला. यमुताईंच्या डोळ्यांपुढे फक्त एक वाटी आली, मिसळणाच्या डब्यातली, लाल केसांची.

"काय वं हे, यमू?" देवकीवहिनींचा आवाज मोठा नव्हता. "कोणाचा हा?"

बायकांनी एकमेकींच्या डोक्यांकडे पाहिलं. बसलेल्या बायकांपैकी एकीचंही डोकं लाल नव्हतं.

"घरच्या बाईचा केस पडला तं देवी पोटात घालते," वहिनी म्हणाल्या. "हात जोडून माफी मागायची, झालं. बाहेरचा असला तं नैवेद्य बाटला. मंग मी मुखवटे या घरात ठेवून जाऊ शकत नाही."

यमुताईंनी अनंतरावांकडे पाहिलं. ते पाण्याचा जग धरून उभे होते, तोंड अर्धवट उघडं, कपाळाला आठ्या. म्हणजे यांनी झाकण उघडलं होतं. म्हणजे तो परक्या बाईचा केस, कोणाच्या न् कोणाच्या फणीतला, फुग्यावर विकलेला, वरणाच्या पातेल्यात धुतलेला, यांच्या बाहीला चिकटून आपल्या पुरणात आला होता. आणि देवींनी तो खाल्ला होता.

"माझा आहे," यमुताई म्हणाल्या.

"तुहा? लाल?"

"मेंदी लावली होती, वहिनी. मागे, मानेवर, थोडीशी. रंग कसा येतो बघायला."

वहिनींनी फडक्याखालच्या त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. "दाखव बरं."

"पंगतीत केस सोडू?" यमुताईंनी विचारलं. मुद्दा बिनतोड होता. जेवणावर केस मोकळे सोडणं म्हणजे तर कहरच.

"तेही खरं," वहिनी म्हणाल्या. "हळदीकुंकवाच्या आधी पाहतो." पान बदललं. वहिनींनी कढीभात खाल्ला. पोळीला हात लावला नाही. बाकीच्या बायकांनी लावला, पण प्रत्येकीने आधी पोळी उघडून, उजेडात धरून पाहिली. आपल्या हातचं पुरण लोक असं तपासून खातात हे बघताना यमुताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पंगत उठली. देवकीवहिनी दत्तोपंतांना फोन करून आतल्या खोलीत आडव्या झाल्या. यमुताईंनी अनंतरावांना दंडाला धरून न्हाणीघरात नेलं आणि कडी लावली.

"लाल रंग आणा," त्या म्हणाल्या. "तुमच्या त्या लुटारूंचा. मेंदीला वेळ नाही."

"यमू, पण मी काय म्हणून राहिलो, माझ्याकडचे केस तर सगळे…"

"तुमचे केस! पुन्हा ते नाव घ्याल तर मी या घरात राहणार नाही. तुमच्यामुळे मी देवीसमोर खोटं बोलली. आज, भरल्या पानावर!"

अनंतराव रंगाच्या बाटल्या आणि बारीक कुंचला घेऊन आले. यमुताई पाटावर बसल्या, फडकं सोडलं, अंबाडा वर धरला. अनंतरावांनी भिंग डोळ्याला लावलं. थोडा विटकरी, थोडा पिवळा, किंचित काळा असा रंग त्यांनी साबणाच्या डबीत कालवला आणि मानेवरची एकेक बट कुंचल्याने रंगवू लागले. रंगाला सडक्या अंड्यासारखा वास येत होता. थंडगार थेंब पाठीवरून ओघळून चोळीत शिरला. मळक्या लुटारूंच्या मिशांवर फिरलेला कुंचला आपल्या मानेवर फिरतोय, याने यमुताईंच्या जिवाची कालवाकालव झाली. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. आपल्या केसांना नवऱ्याचा हात कितीतरी वर्षांनी लागला होता, आणि तो असा.

"बारीक आहेत," अनंतराव हळूच म्हणाले, "पण रंग छान धरतात."

"आजच्या आज त्या सगळ्या दाढ्या काढा," यमुताई डोळे न उघडता म्हणाल्या. "एकही राहता कामा नये. नाहीतर जहाजच फेकीन खाली."

गॅलरीत बसून अनंतरावांनी चिमट्याने एकेका व्हायकिंगाची दाढी उपटली. महिनोन्‌महिने एकेक केस चिकटवून केलेली. गोंदाबरोबर हनुवटीचा रंगही निघत होता. यमुताई चहा ठेवायला उठल्या तेव्हा त्यांना दारातून दिसलं. सगळे लुटारू गुळगुळीत हनुवट्यांनी वल्ही धरून बसले होते, बदलीच्या हुकुमाची वाट बघणारे कारकून जसे. उपटलेले केस अनंतरावांनी कागदात बांधले आणि कचऱ्याच्या पिशवीत टाकले. त्यावर थुंकायलाही विसरले नाहीत.

संध्याकाळी देवकीवहिनींनी यमुताईंना दिव्याजवळ बोलावलं. अंबाडा उचलला, बटा चिमटीत धरल्या. वाळलेला रंग कडक झाला होता, बोटांत करकरला.

"मेंदी व्हय का डांबर?"

"तयार मिळते आजकाल, वहिनी. बाजारातली."

वहिनींनी वास घेतला आणि नाक मुरडलं. समोर ज्येष्ठा आणि कनिष्ठा मोठे मोठे डोळे उघडून बघत होत्या. वहिनींनी अंबाडा सोडला, हात पुसले. "असले नखरे नको करत जाऊ या वयात," त्या म्हणाल्या. "रंग तोच आहे. घरचाच केस आहे. हात जोड देवीले." यमुताईंनी हात जोडले. "उद्या मी पेटी नेणार नाही. मुखवटे इथंच राहू दे."

आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते मिळालं, आणि यमुताईंना आपल्याच मानेचा वास येत होता. हळदीकुंकवाच्या बायका आल्या, गेल्या. रात्री त्यांनी पुरणपोळी पानात घेतली आणि तशीच गाईला काढून ठेवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी विसर्जन. देवकीवहिनी खुर्चीत बसून, निर्माल्याची टोपली पायाशी घेऊन सांगत होत्या आणि यमुताई देवी उतरवत होत्या. आधी हार, मग नथ, मग साज. ज्येष्ठेच्या पाठीवरचं गंगावन सोडायला त्या मागे गेल्या. तिथे खिडकीतून ऊन पडलं होतं. तीन दिवस मागची बाजू भिंतीकडे होती, कोणी पाहिलीच नव्हती.

परवा ताज्या तेलाने काळंभोर दिसलेलं ते गंगावन उन्हात काळं नव्हतं. वर, जिथे वेणी बांधलेली, तिथे काळपट. पण खाली सरकत जावं तसं तपकिरी, आणि टोकाकडे लाल. इतक्या वर्षांच्या तेलाने, धुराने, पेटीतल्या दमटपणाने विटून, गंजून लाल झालेलं. यमुताईंनी गाठ सोडली तशी एक बट सुटून त्यांच्या हातात आली. वीत-दीड वीत लांब. लाल.

क्षणभर त्यांना काही कळलं नाही. मग सगळं एकदम कळलं. स्वयंपाकघराचं दार, खुर्ची, वहिनींच्या हातातली फणी, आणि दोन हातांवर परातीत चाळलेली कणीक. मिसळणाच्या डब्यात सगळे तुकडे होते, नखाएवढे. लांब लाल केस तर कप्तानालाही मिळाला नव्हता. अनंतराव पंगतीत तोंड उघडून हेच आठवत उभे होते, न्हाणीघरात हेच सांगत होते. आणि केसावरून घर बाटलं म्हणणाऱ्या वहिनींनी तो केस स्वतःच्या हाताने आणला होता, तेल लावून, पेटीत घालून.

आणि हे गंगावन तरी कोणाचं? बाजारातूनच आलं असणार कधीतरी. कोण कुठली बाई, कोणत्या गावची, मरूनही तिला शंभर वर्षं झाली असतील. तिचं गुंतवळ. ते आपण परवा दोन्ही हातांनी कपाळाला लावलं. डोळे भरून आले होते आपले.

यमुताईंचा हात सवयीने चालत होता. ती सुटलेली बट बोटाभोवती गुंडाळली जात होती, एक वेढा, दुसरा वेढा. गुंतवळ झालं आणि तोंडात थुंकी आली, जिभेच्या टोकापर्यंत आली, ओठ पुढे झाले.

समोर ज्येष्ठेचा मुखवटा होता.

थुंकता येईना. केस देवीचा होता. फेकता येईना. निर्माल्यात टाकावा तर टोपलीवर वहिनींचे डोळे. वहिनींना दाखवावा तर आधी स्वतःच्या मानेवरचा रंग दाखवावा लागणार, आणि मग मुखवटे मांजराच्या ओट्यावर. तोंड थुंकीने भरलं होतं. चिकट, कोमट, कडवट. पाठीमागून आवाज आला, "यमू, झालं का वं? काहून थांबली?"

उत्तर तर द्यायला हवं होतं. यमुताईंनी थुंकी गिळली. घशातून ती खाली जाताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "झालं, वहिनी," त्या म्हणाल्या.

"रडू नको. देवी जाते तेव्हा वाईट वाटतेच," देवकीवहिनी समाधानाने म्हणाल्या. "म्हणून तं तुह्याकडे ठेवून राहिली."

संध्याकाळी टॅक्सी कन्हानच्या रस्त्याला लागली. यमुताई कमरेच्या गाठीत खोचलेलं ते गुंतवळ घेऊन गॅलरीत आल्या. अनंतराव झाकण उघडून बसले होते, ओरखडलेल्या हनुवट्यांना पुन्हा रंग लावत. दाढ्यांबद्दल त्यांनी एक शब्दही काढला नव्हता. यमुताईंनी गुंतवळ त्यांच्या तळहातावर ठेवलं.

अनंतरावांनी भिंग लावलं, एक केस सोडवून उजेडाकडे धरला. लांबी पाहिली, रंग पाहिला. मग मान वर करून बायकोकडे पाहिलं. "यमू, हा तर पानातला…"

"गप्प बसा," यमुताई म्हणाल्या. "कप्तानाला लावा. आणि धुऊ नका."

"काहून?"

यमुताई नळाशी गेल्या, चूळ भरली, आणखी एकदा भरली. ती चव काही जाईना.